चार हजारांत घरचा म्युझिक स्ट्रीमर: पंचवीस हजारांच्या दाव्याचा प्रतिवाद

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक. त्याला डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी चिप) जोडला की तो स्ट्रीमर होतो, म्हणजे नेटवर्कवरून गाणी ओढून अँप्लिफायरला देणारा डबा. त्याबद्दल गाणी ऐकणाऱ्या हौशी मंडळींत एक मजकूर वरचेवर फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, सार एकच: ‘रास्पबेरी पायवर नीट स्ट्रीमर करायचा तर पंचवीस हजारांची तयारी ठेवा. पाय ५ लागतो, भारी डॅक लागतो, लिनिअर पॉवर सप्लाय लागतो, घरभर लॅन केबल ओढावी लागते. एवढं करूनही एसडी कार्ड सहा महिन्यांत मरतं आणि लिनक्स शिकावं लागतं ते वेगळंच. त्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकर नाहीतर तयार स्ट्रीमर घ्या.’

यातल्या एक-दोन गोष्टींत तथ्य आहे, ते पुढे येईलच. बाकी यादी पाहिली तर जिथे अडचण नाही तिथे पैसा ओतायला सांगितलंय, आणि जिथे खरोखर अडतं त्याबद्दल अवाक्षर नाही.

‘पाय ५ शिवाय चालत नाही’

सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. गुणाकार केला की १,४११ किलोबिट प्रति सेकंद. २४ बिट/१९२ किलोहर्ट्झची फाइल घेतली तरी ९.२ मेगाबिट. हा ओघ उलगडून डॅककडे सरकवणं एवढंच स्ट्रीमरचं काम, आणि फ्लॅक हा दर्जा न घटवता फाइल आवळणारा फॉरमॅट उलगडायला मुद्दामच हलका ठेवलेला आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ डॉलरला आलेल्या झीरो २ डब्ल्यू या छोट्या पायमध्ये चार कोअर आणि ५१२ एमबी मेमरी आहे. या कामात तो अंगही मोडत नाही. अडगळीत पाय ३ पडला असेल तर उत्तमच, नवीन काही घेऊ नका.

मोठा बोर्ड कधी लागतो? खोलीच्या ध्वनिदोषांसाठी जड फिल्टर चालवायचे असतील, सगळं ३८४ किलोहर्ट्झपर्यंत अपसँपल करायची (नमुने वाढवायची) हौस असेल किंवा त्याच बोर्डावरून घरभर फाइल सर्व्हर चालवायचा असेल तर. रून या संगीत-प्रणालीचा सर्व्हर तर पाय ५ वरही चालत नाही, त्याला इंटेल-एएमडी जातीचा प्रोसेसर लागतो. पाय त्याचा फक्त शेवटचा टोक-प्लेअर होऊ शकतो. उलट पाय ५ घेतला की ५ व्होल्ट ५ अँपिअरचा खास अडॅप्टर आला, बहुधा पंखाही आला. शांत खोलीत आलाप चालू असताना पंख्याची घरघर कुणाला हवी आहे?

‘भारी डॅक नसेल तर आवाज भंगार’

अर्धं खरं. पाय ३ आणि ४ वर जो हेडफोन जॅक आहे त्याला डॅक म्हणणं धाडसाचं आहे. तिथे पल्स-विड्थ मॉड्युलेशनने (वीज वेगाने चालू-बंद करून) आवाज तयार होतो आणि हळू जागी खरखर स्पष्ट ऐकू येते. त्याच्या भरवशावर कुणी ‘पायचा आवाज वाईट’ म्हणत असेल तर बरोबरच म्हणतो. झीरो २ डब्ल्यू आणि पाय ५ वर तो जॅक नाहीच.

पण तिथून थेट दहा हजारांच्या डॅकवर उडी मारायचं कारण नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम५१०२ए चिप असलेला जांभळा छोटा बोर्ड तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन. चिपचा घोषित सिग्नल-टू-नॉइज (गाणं आणि खरखर यांतलं अंतर) ११२ डेसिबल, सीडीची १६ बिटची कमाल मर्यादा साधारण ९८. आउटपुट २.१ व्होल्ट, म्हणजे कुठल्याही अँप्लिफायरच्या ऑक्स इनपुटला भरपूर.

जोडणी सहा तारांची. बोर्डाचा व्हीआयएन पायच्या पिन २ ला (५ व्होल्ट), जीएनडी (ग्राउंड) पिन ६ ला, बीसीके (बिट क्लॉक) पिन १२ ला, एलसीके (डाव्या-उजव्या चॅनलचा क्लॉक) पिन ३५ ला, डीआयएन (आवाजाचा डेटा) पिन ४० ला. सहावी तार एससीकेची (मास्टर क्लॉक), ती ग्राउंडला. तारा दहा सेंटीमीटरच्या आत ठेवा. लांब जंपर वायरींवर क्लॉकचा सिग्नल बिघडतो आणि अधूनमधून टिकटिक येते.

सगळं जोडलं आणि आवाजच नाही, ही इथली ठरलेली तक्रार. बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. पहिलं, एससीके मोकळा लोंबकळतोय. ही चिप स्वतःचा मास्टर क्लॉक आतल्या आत तयार करते, पण एससीके ग्राउंडला धरला असेल तरच. दुसरं, बोर्डाच्या पाठीवरचे चार सोल्डर-जंपर. १, २ आणि ४ ‘एल’कडे, ३ ‘एच’कडे जोडलेला हवा. तिसरा जंपर म्हणजे म्यूट. तो ‘एल’कडे असला किंवा उघडा राहिला तर बोर्ड मुकाट बसतो. काही बोर्ड हे जंपर न जोडताच येतात, विकत घेतल्यावर आधी पालथा करून बघा. आवाजाऐवजी नुसता खरखराट आला तर बीसीके आणि एलसीके यांची अदलाबदल झालेली असते.

सॉफ्टवेअरमध्ये डॅकच्या यादीतून ‘हायफायबेरी डॅक’ निवडा. ‘हायफायबेरी डॅक प्लस’ निवडू नका. तो पीसीएम५१२२ चिपसाठी आहे, तिच्याशी पाय वेगळ्या तारांवरून बोलतो, आणि तुमचा बोर्ड सापडणारच नाही. शिवाय ५१०२ मध्ये हार्डवेअर व्हॉल्यूम नाही. अँप्लिफायरला स्वतःचा नॉब असेल तर पायचा व्हॉल्यूम १०० वर कायम ठेवा. नॉब नसलेला पॉवर अँप असेल तर मात्र सॉफ्टवेअर व्हॉल्यूम लावा आणि पहिल्यांदा १० वर सुरू करा, नाहीतर पहिल्याच तबल्याच्या थापेला स्पीकरचा कोन जाईल.

सोल्डरिंग नको असेल तर यूएसबी-सी ते ३.५ मिमीचा डोंगल ओटीजी केबलने लावा. मात्र त्यात डॅक चिप असली पाहिजे. काही स्वस्त डोंगल नुसती वायर असतात, फोनच्या आतल्या डॅकवर जगणारी. पायवर ते ढिम्म हलत नाहीत. चिपवाला डोंगल लावूनही आवाज बारीक आला तर अल्सामिक्सर हा आवाजाच्या पातळ्यांचा प्रोग्राम उघडून त्याची पातळी १०० करा.

‘लिनिअर पॉवर सप्लाय हवाच’

लिनिअर म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर चालणारा, कमी खडखडाटाचा महागडा वीजपुरवठा. इथे दुखणं खरं आहे, औषध चुकलंय. डॅक बोर्डावर ५ व्होल्टचे ३.३ करणारे रेग्युलेटर असतात, अडॅप्टरचा बराचसा खडखडाट तिथेच गाळला जातो. जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा दुसरंच काही असतं.

एक म्हणजे व्होल्टेजच कमी पडतं. फोनचा चार्जर आणि बारीक तारेची मीटरभर केबल यांत वाटेतच व्होल्टेज गळतं, ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्वतःचा वेग कमी करतो, यूएसबी डिस्क गचके खाते, वायफाय तुटतं. स्क्रीन जोडलेली असेल तर विजेचं चिन्ह दिसतं, पण स्ट्रीमरला स्क्रीन नसते, त्यामुळे कळतच नाही. टर्मिनलमध्ये ‘vcgencmd get_throttled’ ही कमांड द्या. उत्तरात एक्सनंतर नुसतं शून्य आलं तर ठीक. ५०००० आलं तर सुरू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडून वेग कमी झालाय, ५०००५ आलं तर आत्ताही तेच चालू आहे. इलाज पाच-सहाशे रुपयांचा: ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा, जाड केबल कायम जोडलेला अडॅप्टर.

दुसरं म्हणजे ग्राउंड लूप, एकाहून जास्त वाटांनी ग्राउंड जोडलं गेल्याने बनणारं वेटोळं. अँप्लिफायर तीन पिनी प्लगवर, त्यालाच टीव्ही, टीव्हीला केबलवाल्याची तार, आणि मग स्पीकरमधून सतत ५० हर्ट्झचं ‘घुं’. याची परीक्षा सोपी आहे: पाय पॉवर बँकेवर चालवून बघा. घुं थांबलं तर डॅक निर्दोष, वाट वीजपुरवठ्यातून आहे. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, टीव्हीची केबल काढून बघा, तरी राहिलं तर ऑप्टिकल आउटपुटचा बोर्ड वापरा. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या धाग्यातून ग्राउंड जात नाही. अँप्लिफायरची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका.

टीपीए३११६ चिपचे छोटे क्लास-डी अँप घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. जुन्या लॅपटॉपच्या १९ व्होल्ट अडॅप्टरवर तो ८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे वीसेक वॉट देतो, घरासाठी पुष्कळ. मोह असा होतो की त्याच अडॅप्टरवरून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा बोर्ड) लावून पायलाही ५ व्होल्ट द्यावेत. ग्राउंड एक झालं की पायच्या प्रोसेसरच्या हालचालीबरोबर बदलणारी किणकिण स्पीकरमध्ये येते. पायला वेगळा अडॅप्टर द्या, नाहीतर आयसोलेटेड (दोन्ही बाजूंचं ग्राउंड वेगळं ठेवणारा) कन्व्हर्टर, किमान १० वॉटचा. हजारोंचा लिनिअर सप्लाय लावूनही ग्राउंड जोडलेलंच राहिलं तर किणकिणही राहते.

‘वायफायवर हाय-रेझ अडखळतं’

हाय-रेझ म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या फाइली. त्यातली वर आलेली २४ बिट/१९२ किलोहर्ट्झची फाइल ९.२ मेगाबिट मागते, आणि साध्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायवर बऱ्या सिग्नलला वीस-तीस मेगाबिट प्रत्यक्ष मिळतात. शिवाय प्लेअर पुढचं आधीच आणून ठेवतो. एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचा मूळ बफर ४ एमबीचा, म्हणजे सीडी दर्जाचे साधारण २३ सेकंद. तेव्हा अडखळणं वेगामुळे क्वचितच होतं.

होतं ते यामुळे: वायफायचं पॉवर सेव्ह चालू असतं (नेटवर्कमॅनेजरच्या जोडणीत पॉवरसेव्हची किंमत २ केली की कायमचं बंद), पाय पत्र्याच्या डब्यात बसवलेला असतो आणि अँटेना बोर्डावरच असल्याने सिग्नल कोंडतो, किंवा इमारतीत प्रत्येक घराचा राउटर एकाच चॅनलवर ओरडत असतो. झीरो २ डब्ल्यूला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, तेव्हा राउटरवर २.४ बंद ठेवलं असेल तर तो कधीच जोडला जाणार नाही. सेटअप करताना देश ‘भारत’ निवडा. तो रिकामा राहिला तर वायफाय बंदच राहू शकतं. एवढ्याने भागलं नाही तर खुशाल केबल ओढा, पण आधी नाही.

‘एसडी कार्ड सहा महिन्यांत मरतं’

कार्ड मरतं ते सतत लिहिण्याने, आणि त्याहून जास्त वेळा लिहिता लिहिता वीज गेल्याने. आपल्याकडे दुसरं कारण नेमाने हजर असतं. म्हणून अशी प्रणाली निवडा जी कार्डावर फारसं लिहीतच नाही. पायकोअरप्लेअर ही तशीच एक प्रणाली, सुरू होताना ती अख्खी मेमरीत चढते. नंतर वीज गेली तरी कार्डाला धक्का लागत नाही. साध्या रास्पबेरी पाय ओएसवर सेटअप पूर्ण झाल्यावर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या मेनूमधून ओव्हरले फाइल सिस्टिम (बदल कार्डाऐवजी मेमरीत ठेवणारी सोय) चालू करा. गाणी कार्डावर ठेवूच नका, वेगळ्या यूएसबी डिस्कवर ठेवा. फिरती हार्ड डिस्क असेल तर तिला स्वतःचा पुरवठा असलेला हब द्या, सुरू होताना ती एक अँपिअरपर्यंत ओढू शकते. आणि कार्ड नवं असतानाच एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने तपासा. ‘६४ जीबी’ छापलेली, आत ८ जीबी असलेली बनावट कार्डं बाजारात आहेत. शेवटी चालू सेटअपची इमेज (कार्डाची हुबेहूब प्रत) संगणकावर काढून ठेवली की कार्ड मेलं तरी नवं तयार करणं अर्ध्या तासाचं काम.

‘लिनक्सच्या कमांड पाठ कराव्या लागतात’

नाही. मूड ऑडिओ किंवा व्हॉल्युमिओ या पायसाठीच्या तयार प्लेअर-प्रणालीची इमेज कार्डावर लिहा. मूडसाठी रास्पबेरी पाय इमेजर या कार्डावर इमेज लिहिणाऱ्या प्रोग्राममध्येच युजरनेम, पासवर्ड आणि वायफाय भरा. युजरनेम न भरता लिहिलं तर प्लेअर नीट उभा राहत नाही. पुढचं सगळं फोनच्या ब्राउझरमधून. ‘moode.local’ हा पत्ता जुन्या अँड्रॉइडवर उघडत नाही. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता पक्का करून तोच बुकमार्क करा.

‘ब्लूटूथ स्पीकर किंवा तयार स्ट्रीमर बरा’

ब्लूटूथचा सर्वसाधारण एसबीसी कोडेक (आवाज आवळून पाठवण्याची पद्धत) जास्तीत जास्त ३२८ किलोबिटच्या आसपास चालतो, आणि गाणं फोनमधून येत असल्याने फोन आला की यमन थांबतो. स्ट्रीमर गाणं स्वतः ओढतो. गॅपलेस वादनही इथे मिळतं. आलाप, जोड आणि झाला तीन वेगळ्या ट्रॅकमध्ये कापलेल्या सतारीच्या रेकॉर्डिंगला एमपीडी मधे खाच पडू देत नाही. मराठी नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसत असतील तर दोष पायचा नाही, एमपी३ फाइलीत नावं साठवणाऱ्या जुन्या आयडी३व्ही१ टॅगचा आहे. त्यात देवनागरी बसत नाही. टॅग नव्या आयडी३व्ही२ प्रकारात, युनिकोडमध्ये पुन्हा लिहा. फ्लॅकला ही अडचण येत नाही.

खर्चाचा हिशेब: झीरो २ डब्ल्यू कर-वाहतुकीसह दीड ते दोन हजार, डॅक तीनशे ते पाचशे, कार्ड चारएकशे, अडॅप्टर सहाशेपर्यंत, तारा आणि डबा दोनशे. चार हजारांच्या आत. अँप आणि स्पीकर वेगळे, ते पंचवीस हजारांच्या यादीतही नव्हते. वाजताना हा एक-दीड वॉट खातो. वर्षभर चोवीस तास चालू ठेवला तरी नऊ ते तेरा युनिट.

तयार स्ट्रीमर वाईट नसतात. फक्त स्पॉटिफाय ऐकत असाल, घरात फाइलींचा संग्रह नसेल, तर तयार डबा घ्या आणि सुखाने ऐका. पायवरही स्पॉटिफाय कनेक्ट चालतं, पण प्रीमियम खातं लागतं आणि कमाल ३२० किलोबिट मिळतात. मात्र त्या डब्याचं आयुष्य कंपनीच्या हातात असतं. गूगलच्या क्रोमकास्ट ऑडिओ या तयार स्ट्रीमरचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आणि मार्च २०२५ मध्ये एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने चालू असलेलेही काही दिवस बंद पडले. स्क्वीझबॉक्स हा आणखी एक तयार स्ट्रीमर २०१२ मध्ये बंद झाला, पण त्याचा सर्व्हर मुक्त स्रोत असल्याने आज लिरिऑन या नावाने जिवंत आहे, आणि स्क्वीझलाइट हा छोटा प्लेअर प्रोग्राम टाकलेला झीरो २ डब्ल्यू त्याला आजही स्क्वीझबॉक्स म्हणूनच दिसतो.