प्रौढपणी पियानो : एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

पियानो शिकू पाहणाऱ्या प्रौढांमध्ये एक संदेश वारंवार फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : तिशी उलटल्यावर बोटे वळत नाहीत, मेथड बुक (पायरीपायरीने वादन शिकवणारी पुस्तके) मुलांसाठी असतात, त्यांतल्या बाळबोध धुनांत मोठ्यांनी वर्षे घालवू नयेत, त्याऐवजी पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या रंगीत खुणा पाहून आवडते गाणे थेट बसवावे, आणि प्राथमिक धुनांची रेकॉर्डिंग इतरांना ऐकवणे हा निव्वळ दिखाऊपणा आहे.

वयाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, ते आधी मान्य करू. कोणताही आधार नसताना ऐकलेला स्वर नेमका ओळखण्याची क्षमता बहुधा लहानपणीच संगीत शिकलेल्यांत आढळते, आणि प्रौढपणी ती क्वचितच येते. पण पियानोवर स्वर लावावा लागत नाही. पट्टी दाबली की तो ठरलेलाच निघतो, त्यामुळे या उणिवेने सुरुवात अडत नाही. बोटांच्या हालचालींचा नवा क्रम प्रौढांच्याही अंगवळणी पडतो, आणि सरावानंतरच्या झोपेने तो आणखी पक्का होतो, हे प्रौढांवर झालेल्या प्रयोगांतच दिसले आहे. प्रौढाचे खरे दुखणे निराळे आहे : स्वरलेखन डोक्याला चटकन कळते, हाताला मात्र ते हळूहळू जमते, आणि या अंतरालाच तो वय झाल्याचा पुरावा समजतो.

मेथड बुक मुलांसाठीच असतात, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकने 1926 ते 1939 या काळात रचलेल्या ‘मिक्रोकॉसमॉस’मध्ये सहा भागांत 153 रचना आहेत, त्यातले पहिले दोन भाग त्याने आपल्या मुलाला अर्पण केले असले, तरी पहिले चार भाग लहान आणि प्रौढ अशा दोन्ही नवशिक्यांसाठी असल्याचे त्याने प्रस्तावनेत स्वतःच नोंदवले आहे. आज खास प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तकेही आहेत, आणि त्यांत डाव्या हाताला कॉर्डची (एकाच वेळी वाजवलेल्या अनेक स्वरांची) साथ लवकर दिली जाते.

बाळबोध धुनांबद्दलच्या तक्रारीला बीथोवनचेच उदाहरण पुरे आहे. 1824 साली प्रथम सादर झालेल्या नवव्या सिंफनीतील आनंदगीताची धून जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या पुस्तकात असते, आणि ती कोणी सोपी करून पाच बोटांत कोंबलेली नाही. खाली उतरणारा एक स्वर सोडला तर मूळ धूनच लागोपाठच्या पाच स्वरांत फिरते. शेवटच्या ओळीत मूळ चाल एक मात्रा आधीच सुरू होते आणि तो स्वर पुढच्या बारमध्ये (ठरावीक मात्रांच्या पुढच्या गटात) धरून ठेवावा लागतो. काही पुस्तके ही जागा सपाट करून टाकतात; ज्यांनी ती राखली आहे, त्या पुस्तकांतून वाजवताना भलेभले प्रौढ तिथे अडखळतात.

शिवाय या पुस्तकांतल्या क्रमाला कारण असते. दोन्ही हात एकमेकांपासून दूर जातात तेव्हा अंगठ्याबरोबर अंगठा आणि करंगळीबरोबर करंगळी पडते, म्हणून ते लवकर जमते; दोन्ही हात एकाच दिशेने निघाले की डाव्या करंगळीची गाठ उजव्या अंगठ्याशी पडते आणि हात गोंधळतात. अंगठा इतर बोटांच्या खालून नेणे, डाव्या हाताची साथ दबकी ठेवणे, पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) कॉर्डबरोबर नव्हे तर किंचित नंतर दाबणे, यांपैकी प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर उभी असते. मेथड बुकांचा एक दोष मात्र मला खरा वाटतो. हात दीर्घकाळ एकाच जागी राहिल्याने शिकणारा स्वर वाचायचे सोडून कोणते बोट वापरायचे ते सांगणारे आकडे वाचू लागतो. त्यावर उपाय म्हणजे तीच धून दुसऱ्या जागेवरून वाजवून पाहणे. पुस्तक टाकून देण्याची गरज नाही.

रंगीत खुणांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. त्यांनी एक गाणे बसते. दुसऱ्या गाण्यासाठी पुन्हा पहिल्या खुणेपासून सुरुवात करावी लागते, कारण मधल्या काळात वाचन शिकलेलेच नसते.

रेकॉर्डिंगचा मुद्दा यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण संदेश लिहिणाऱ्याला त्याचा उपयोगच कळलेला नाही. वाजवताना लक्ष पुढच्या स्वरावर असते, त्यामुळे प्रत्यक्ष निघालेल्या आवाजापेक्षा मनात योजलेला आवाजच आपल्याला ऐकू येतो. रेकॉर्डिंग ऐकले की बार संपताना घेतलेले छोटे थांबे, अवघड जागी मंदावलेली लय आणि उजव्या हाताची धून झाकून टाकणारा डावा हात हे सारे उघडे पडते. चुकल्यावर मागे न जाता शेवटपर्यंत वाजवण्याची सवयही बहुतेकांना रेकॉर्डिंग करतानाच लागते. ते इतरांना ऐकवण्यात मिरवण्याचा मोह असू शकतो, हे कबूल, पण “कसे वाटले?” याऐवजी “दुसऱ्या ओळीत लय घसरते का?” असे विचारले, तर अनुभवी ऐकणारा नेमके उत्तर देऊ शकतो. एकच सावधगिरी हवी : अनेक फोन हळू आवाज आपोआप वाढवतात आणि मोठा दाबतात, त्यामुळे वाजवण्यातल्या लहानमोठ्या आवाजाचा निवाडा त्या रेकॉर्डिंगवरून करू नये, लय आणि चुकलेले स्वर यांच्यासाठी ते पुरेसे विश्वासार्ह असते.