शेपटीकडून कलेकडे

ताडोब्याहून परतल्यावर कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावाल, तेव्हा 'डिलीट'च्या बटणाकडे हात नेऊ नका. वाघाचा पार्श्वभाग, अर्धा कान, बांबूमागचं पिवळसर काहीतरी, पुढच्या जिप्सीतल्या काकांची टोपी आणि त्या टोपीतून उगवल्यासारखी शेपूट, असलं सगळं आपण इतकी वर्षं फसलेले फोटो म्हणून उडवत आलो. ते फसलेले नव्हतेच. ती अपारंपरिक मांडणी होती.

आधी नियम पाठ करा. नियम मोडलाय असं ऐटीत म्हणायचं तर तो ठाऊक असल्याचं दिसायला हवं. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग पाडून प्राण्याला रेघांच्या छेदावर ठेवावं. डोळा लख्ख फोकसमध्ये हवा. तो ज्या दिशेला बघतोय तिकडे मोकळी जागा सोडावी. पाय घोट्यात कापू नयेत. कॅमेरा प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर असावा. यातला शेवटचा नियम जिप्सीत पाळता येत नाही आणि जिप्सीतून उतरायला बंदी आहे, म्हणजे सीटवर बसल्या बसल्या तुम्ही बंडखोर झालात. बाकीचे नियम वाघ स्वतःच मोडून देतो.

समजा मे महिना आहे. पांढरपौनीच्या पाणवठ्यावर वाघीण पाण्यात बसली आहे आणि काठावर जिप्स्यांची रांग लागली आहे. तुमची गाडी रांगेत अशा जागी आहे की तिथून पाण्याऐवजी दुसऱ्या गाडीचं स्टेपनी व्हील उत्तम दिसतं. गाइड दबक्या आवाजात म्हणतो, "उठून राहिली न सर, रेडी राहा!" तुम्ही लेन्स टेकवायच्या बीनबॅगवरची ती भाड्याची अवजड लेन्स उचलता. त्याच क्षणी ड्रायव्हर मेहरबानी म्हणून गाडी दोन फूट पुढे घेतो. वाघीण उठते, पाणी झटकते, जांभई देते, जबडा पूर्ण उघडते, आणि या सबंध काळात तुमचा ऑटोफोकस समोरच्या गवताच्या एका पात्याच्या प्रेमात पडलेला असतो. मग ती पाठ फिरवून बांबूत जाते. तेव्हा मात्र फोकस बरोब्बर बसतो.

घरी येऊन बघा. गवताचं पातं असं धारदार आलंय की कडेची लव मोजावी. मागे हळदीचा हात पुसल्यासारखी वाघीण. फोटोला नाव द्या, 'अस्तित्व - ३'. 'अस्तित्व - १' आणि '२' कुठे आहेत असं कोणी विचारत नाही. तरी नुसत्या नावाने भागत नसेल तर कृष्णधवल करा. रंगीत असताना जी चूक दिसते, ती कृष्णधवलमध्ये भूमिका दिसते. कृष्णधवल करूनही ती चूकच दिसली, तर ग्रेन, म्हणजे फोटोतला रवाळपणा, वाढवा.

हललेल्या फोटोंचं थोडं जपून. पॅनिंग म्हणून एक खरीखुरी विद्या आहे. शटर १/३० सेकंद किंवा त्याहूनही हळू ठेवायचं, पळणाऱ्या चितळाच्या वेगाने कॅमेरा फिरवायचा, म्हणजे डोकं स्थिर येतं आणि मागचं जंगल रेघारेघांचं होतं. तुमच्या फोटोत डोकंही रेघांचं आलंय. हरकत नाही. त्यालाही 'इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट', म्हणजे कॅमेरा मुद्दाम हलवणं, असं भारदस्त नाव अगोदरच तयार आहे, तुम्ही फक्त इंटेन्शनचं तेवढं मागाहून बघा. भिगवणला फ्लेमिंगोंचा थवा उडताना चौकटीच्या कोपऱ्यात शेवटच्या पक्ष्याचे दोन पाय उरले असतील, तर तो 'नेगेटिव्ह स्पेस', म्हणजे मुद्दाम सोडलेली रिकामी जागा, या खात्यात जातो. उजनीच्या पाण्यावर आकाश मुबलक आहे, कमी पडणार नाही.

काही माणसं उगाच मेहनत करतात, त्यांच्या नादी लागू नका. आपल्या मुंबईचे नयन खानोलकर घ्या. २०१६ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागात त्यांचा आरे कॉलनीतल्या बिबट्याचा फोटो पहिला आला. बिबट्या चौकटीवर कब्जा करणार नाही, गल्ली आणि घरं मोठी दिसतील आणि तो आपल्या वाटेने निघालेला रहिवासी वाटेल, असा कॅमेरा त्यांनी मुद्दाम लावला. फ्लॅशसुद्धा गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखे. आणि मग मनासारखी चौकट मिळेपर्यंत चार महिने काढले. चार महिने! तेवढ्यात तुमची 'अस्तित्व' मालिका बारापर्यंत जाते. २०२० चा विजेता सर्गेई गोर्शकोव्ह तर रशियाच्या अतिपूर्वेला झाडाला मिठी मारणाऱ्या एका वाघिणीसाठी अकरा महिन्यांहून जास्त थांबला. ही माणसं चौकट आधी ठरवतात आणि प्राण्याची वाट बघतात. आपण प्राणी गेल्यावर चौकट ठरवतो, म्हणून सगळं एका वीकेंडमध्ये उरकतं.

उलट बाजूही बघून ठेवा, वादात उपयोगी पडते. त्याच स्पर्धेत २००९ साली पहिला आलेला फोटो म्हणजे फाटकावरून झेप घेणारा लांडगा. मांडणीत नाव ठेवायला जागा नव्हती. परीक्षकांना पुढे वाटलं की हा लांडगा माणसाळलेला, मॉडेल म्हणून काम करणारा असावा. फोटोग्राफरने ते नाकारलं, पण बक्षीस गेलं. २०१७ च्या एका विजेत्या फोटोत वाळवीच्या वारुळाशी मुंगीखाऊ होता. तो पेंढा भरलेला असावा असा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला आणि पुढच्या वर्षी तेही बक्षीस परत घेतलं. तुमच्या फोटोतली शेपूट निदान जिवंत वाघाची आहे आणि ती स्वतःच्या मर्जीने निघून चालली आहे. फोटोखाली हे जरूर लिहा.

मर्जीचं खरंच लिहा. कारण ज्या फोटोसाठी सगळी धडपड असते तो 'हेड-ऑन', म्हणजे वाघ समोरून थेट लेन्सकडे चालत येणारा. तो हवा असेल तर वाघाच्या पुढे गाडी लागते, आणि सगळ्यांनाच हवा असेल तर पुढे-मागे दोन्हीकडे लागतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे असेच जिप्स्यांच्या मधोमध अडकले. गाइड-ड्रायव्हरांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. "अजून थोडी पुढे घ्या ना" म्हणणारे मात्र तोवर आपापल्या गावी पोचून फोटो एडिट करत असावेत. त्यामानाने पार्श्वभागाचा फोटो फार सभ्य. तो काढायला काहीच करावं लागत नाही, फक्त वाघाला जाऊ द्यावं लागतं. यावर मी चेष्टा करत नाहीये. बरं, पुढे.

फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावला की आत्या विचारणारच, "यात वाघ कुठाय रे?" बोट दाखवू नका. "तूच शोध ना आत्या," म्हणा. ती तासभर शोधेल, शेवटी ऐनाच्या खोडाला वाघ ठरवेल आणि शेजारणीलाही तोच दाखवेल. दोघींचं समाधान होतं.

आता पुढच्या बुकिंगचं. ताडोब्याच्या कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, मंगळवारी सफारी नसते, म्हणून लोक मंगळवार टाळतात. तुम्ही मंगळवारीच जा. गर्दी नाही, धूळ नाही. मोहर्लीच्या बंद गेटचा एक फोटो घ्या, वाघाचा अभाव याहून ठळक कुठे मिळायचा. गार्ड मध्ये आला तर हटकू नका, स्केलला, म्हणजे गेट केवढं ते कळायला, बरा पडतो.