क्रायसिस, इमर्जन्सी, डिझास्टर: समानार्थी म्हणून फिरणाऱ्या यादीला उत्तर

सांगलीतल्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: क्रायसिस, इमर्जन्सी, डिझास्टर, कॅटॅस्ट्रफी, टेन्शन, पॅनिक हे सगळे समानार्थी आहेत. उत्तरात कुठलाही वापरा, शब्द जेवढा भारी तेवढे मार्क जास्त. शेवटी निबंधासाठी तयार वाक्यही दिलंय, की चिनी भाषेत क्रायसिस म्हणजे 'धोका' अधिक 'संधी'. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून पोरं असल्या याद्या धडाधड पाठ करताहेत. मी याच पोरांना इंग्रजी शिकवतो, आणि या मेसेजमुळे त्यांचं नुकसान होतंय असं माझं स्पष्ट मत आहे.

'सगळे समानार्थी' या दाव्यापासून सुरुवात करू. २०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि कृष्णा त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ४० फुटांकडे चढत होतं तेव्हाचा शब्द 'अलर्ट': अजून वेळ आहे, सामान माळ्यावर टाका, जनावरं हलवा. पाणी पहिल्या मजल्याला टेकलं, म्हातारी माणसं गच्चीवर अडकली, बोट आत्ताच्या आत्ता हवी, ही 'इमर्जन्सी'. शहरभर पाणी, पण नळ कोरडे, दूध मिळेना, पेट्रोल मिळेना, आणि हे दिवसेंदिवस चाललेलं, हा 'क्रायसिस'. सगळा महापूर मिळून 'डिझास्टर'. आणि ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसं बुडाली, ती 'ट्रॅजेडी'. तिथं कुणी 'क्रायसिस' लिहिलं तर इंग्रजी तर चुकतंच, पण गेलेल्या माणसांबद्दलचं वाक्य सरकारी टिपणासारखं कोरडं होतं. मला हे जास्त लागतं. थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, हे शब्द एकाच पानावर सापडतात हे खरं, पण एका गल्लीत राहतात म्हणून सगळे एकाच घरचे होत नाहीत.

यातले काही शब्द तर कायद्यानं बांधलेत. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मध्ये कलम २ (डी) खाली 'डिझास्टर'ची व्याख्या आहे. कॅटॅस्ट्रफी, मिसहॅप, कॅलॅमिटी, ग्रेव्ह ऑकरन्स असे चार शब्द तिथं ओळीनं येतात, पण नुसत्या घटनेवर भागत नाही. हानी एवढी मोठी हवी की तिला तोंड देणं त्या भागातल्या लोकांच्या ताकदीबाहेर जावं. ओढ्याचं पाणी रस्त्यावर येऊन चार तासांत ओसरलं तर या व्याख्येत ते बसत नाही. हाच कायदा पोरांना अभ्यासक्रमात आहे, आणि तीच पोरं 'डिझास्टर' कुठंही चिकटवतात!

'इमर्जन्सी'चं तर विचारूच नका. घटनेच्या कलम ३५२ मध्ये आणीबाणीच्या कारणांत पूर्वी 'इंटर्नल डिस्टर्बन्स' (अंतर्गत अशांतता) असे शब्द होते. २५ जून १९७५ ची आणीबाणी त्याच आधारावर लागली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ते शब्द काढून 'आर्म्ड रिबेलियन' (सशस्त्र बंड) घातले, कारण 'डिस्टर्बन्स' इतका सैल होता की त्यात काहीही बसवता आलं असतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालले असते तर घटना बदलायची गरजच काय होती?

आता टेन्शन. 'आय अ‍ॅम इन टेन्शन' हे वाक्य मला प्रत्येक बॅचच्या वह्यांत सापडतं. मराठीत टेन्शन आपलं झालंय, 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्या आईचं काहीच चुकत नाही. इंग्रजीत मात्र टेन्शन मुख्यतः असतं दोन गटांत, दोन देशांत किंवा ताणलेल्या दोरीत. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की 'टेन्शन्स' बरोबर बसतो, तोही बहुधा अनेकवचनात. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, त्याला 'अँझायटी' किंवा 'स्ट्रेस' म्हणा. पॅनिकही प्रसंगाचं नाव नव्हे, ती माणसांची अवस्था. धरण फुटल्याची नुसती अफवा उठली आणि लोक वाट फुटेल तिकडं पळाले, तर संकट शून्य आणि पॅनिक पुरेपूर.

भारी शब्दाला जास्त मार्क, हाही भ्रम. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, तिथं 'कॅटॅस्ट्रफी' शोभतो. मार्केट यार्डात हळदीचे दर पडले म्हणून तोच शब्द लिहिला तर तपासणारा मान हलवील. दराला 'स्लम्प' म्हणा, शेतकऱ्याच्या हालाला 'डिस्ट्रेस'. मिरजेच्या दवाखान्यांत नातेवाइकांना सांगतात, 'पेशंट क्रिटिकल आहे, पण स्टेबल आहे.' यादी पाठ केलेल्याला हे परस्परविरोधी वाटेल. पण पहिला शब्द आजार किती गंभीर आहे ते सांगतो, दुसरा तूर्त नाडी, रक्तदाब टिकून आहेत ते. अशा वेळी साधा शब्द नेमका समजणं केवढं मोलाचं असतं, ते बाहेरच्या बाकड्यावर रात्र काढलेल्यांना विचारा.

राहिलं ते चिनी वाक्य. अमेरिकेचे जॉन केनेडी यांनी ते १९५९-६० च्या भाषणांत वापरलं आणि तेव्हापासून प्रेरणादायी व्याख्यानांतून ते चालूच आहे. चिनी शब्द आहे 'वेइ-जी'. 'वेइ' म्हणजे धोका, इथवर ठीक. पण सुट्या 'जी'चा अर्थ संधी होत नाही. संधीला 'जी-हुइ' असा जोडशब्द आहे, आणि विमानाच्या 'फेइ-जी'त तोच 'जी' यंत्र या अर्थानं येतो. 'वेइ-जी'तला 'जी' म्हणजे निर्णायक क्षण, जिथून गोष्ट वळण घेते. अमेरिकेतले चिनी भाषेचे अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी हा गैरसमज सविस्तर खोडून काढलाय. घरं वाहून गेलेल्या माणसाला 'यात संधी बघा' म्हणणं तसंही निर्दय आहे.

निबंधाला सुरुवात हवीच असेल तर 'क्रायसिस'चंच मूळ घ्या. ग्रीकमध्ये 'क्रिसिस' म्हणजे निवाडा, निर्णय. जुने ग्रीक वैद्य तापाच्या त्या वळणाला हा शब्द वापरत, जिथून रोगी एक तर सावरतो किंवा जातो. मग महापुरावर लिहिताना कोयना धरणातून किती पाणी सोडायचं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती आणि कधी, ते कुणी ठरवायचं, इथून सुरू करा.