प्रल्हादाने स्वतःच्या मुलाविरुद्ध दिलेला निकाल

‘न ब्रूयात् सत्यमप्रियम्’, म्हणजे कटू सत्य बोलू नये, हा तुकडा आपल्याकडे बहुतेक वेळा कुणाचं तरी तोंड बंद करायलाच वापरतात. सोसायटीच्या सभेत कुणी खर्चाचा हिशोब मागितला, घरात सुनेने न पटलेलं बोलून दाखवलं, की लगेच हा श्लोक ऐकवला जातो. मनुस्मृतीतल्या त्याच श्लोकाची पुढची ओळ मात्र कुणी म्हणत नाही. ‘प्रियं च नानृतं ब्रूयात्’, म्हणजे समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटंही बोलू नका. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात तर सरळ सांगितलंय: एकतर सभेत जाऊ नका, गेलात तर योग्य तेच बोला; गप्प बसणारा आणि वाकडं बोलणारा, दोघेही पापाचे धनी.

मला मात्र या बाबतीत महाभारतातला विदुर सगळ्यात जवळचा वाटतो. द्यूतसभेत द्रौपदी विचारते, जो आधी स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा हक्क होता का? धर्म फार सूक्ष्म आहे म्हणत भीष्म उत्तर देऊ शकत नाहीत. दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठून ठणकावतो की ती जिंकली गेलेलीच नाही. कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो. तेव्हा विदुर भरसभेत एक गोष्ट सांगतो.

प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांच्यात पैज लागली, श्रेष्ठ कोण? पणाला दोघांचे प्राण, आणि निवाडा करायचा प्रल्हादाने! बापाच्या काळजाचं काय झालं असेल. तो थरथरत कश्यप ऋषींकडे गेला. ते म्हणाले, माहीत असूनही जो लोभाने, रागाने किंवा भीतीने उत्तर देत नाही, त्याच्याभोवती वरुणाचे 1000 पाश पडतात. एकेक सुटायला वर्ष लागतं. सभेत अधर्म झाला तर निम्मं पाप सभेच्या प्रमुखाचं, पाव करणाऱ्याचं आणि उरलेलं पाव निषेध न करणाऱ्या सभासदांचं. करणारा आणि नुसता बघत बसणारे, दोघांच्या वाट्याला सारखंच! प्रल्हादाने येऊन मुलाला सांगितलं: सुधन्वा तुझ्यापेक्षा श्रेष्ठ, त्याचे वडील माझ्यापेक्षा, त्याची आई तुझ्या आईपेक्षा. सुधन्व्याने त्यावर विरोचनाला जीवदान दिलं.

एवढं ऐकूनही कौरवसभेतला एकही राजा बोलला नाही.

खरं बोलायचं म्हणजे तोडून बोलायचं, असंही कुठे म्हटलेलं नाही. ज्ञानोबा ‘साच आणि मवाळ, मितले आणि रसाळ’, म्हणजे खरे पण मऊ, मोजके पण गोड शब्द मागतात. प्रल्हादाने तरी कुणाला कुठे शिवी दिली?

पण नुसतं बोलणाऱ्याला शिकवून भागत नाही. कडू पण हिताचं बोलणारा दुर्मीळ आणि ऐकणाराही दुर्मीळ, हे विदुराचंच वाक्य. धृतराष्ट्राने रात्रभर जागून विदुराचं ऐकलं, सगळं पटलं असंही म्हणाला. आणि पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, की दुर्योधन समोर आला की माझं मन पुन्हा फिरतं.