सागाच्या पाठीवर धामण की बांबू? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी परत परत वाचली. रागाने लिहिलेली आहे, पण त्या रागामागे अभ्यास दिसतो. म्हणून नुसते आभार मानून पुढे जाणं मला पटलं नाही.

नव्या वाचकांसाठी आधी वाद काय आहे ते सांगते. सागाच्या फळीतून लाँगबो, म्हणजे माणसाच्या उंचीचं लांब धनुष्य, करायचा असेल तर पाठीवर, म्हणजे नेम धरताना निशाणाकडे असणाऱ्या बाजूवर, धामण या झाडाच्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवावी आणि नवशिक्याने बांबूची कामटी टाळावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. बांबू ताणात धामणीपेक्षा कितीतरी मजबूत, विदर्भात हवा तेवढा मिळतो, तरी मी तो नाकारते, हा पहिला. लाकूडच लावायचं तर साऱ्या जगात वापरतात ते हिकरी हे अमेरिकन लाकूड मागवावं, धामणीचा आग्रह म्हणजे निव्वळ आपल्या मातीचा अभिमान, हा दुसरा. आणि खऱ्या इंग्लिश लाँगबोला वेगळी पाठ नसतेच, पाठ लावणं म्हणजे वाईट लाकडावरची मलमपट्टी, हा तिसरा. शेवटी तुम्ही हेही लिहिलंय की सागावर कामटी चिकटवलेलं तुमचं स्वतःचं धनुष्य अर्धवट पडून आहे, आणि माझा लेख वाचून तुमचा हात थांबला. खरं तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण बाकीच्याची किल्ली तिथे आहे. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांतून दीडशेहून अधिक लाँगबो मिळाले. ते यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे, एकसंध. वर काही चिकटवलेलं नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण ते लाकूड कसं काढलेलं असतं ते बघा. खोडाच्या बाहेरच्या बाजूचं पांढरं लाकूड पाठीला येतं, आतलं तांबूस गाभ्याचं लाकूड पोटाला, म्हणजे धनुष्य ओढणाऱ्याकडच्या बाजूला. पांढरं ताण सोसतं, गाभा दाब सोसतो. म्हणजे पाठ झाडानेच लावून दिलेली आहे आणि तिचा एकही तंतू मधे तुटलेला नाही. आपल्याकडे असतं काय? नागपूरच्या लकडगंजातल्या आरामशीनवर कापलेली फळी. करवत सरळ रेषेत जाते, झाडाचे तंतू तसे जात नाहीत. फळीच्या पृष्ठभागावर ते तिरके येऊन संपतात, आणि धनुष्य ओढलं की नेमकं तिथूनच चिलपट निघतं.

लाकूड ताणात कमजोर असतं म्हणून पाठ लागते, असा समज सगळीकडे आहे आणि तुमचा पहिला आक्षेपही त्याच समजावर उभा आहे. खरं उलटं आहे. सरळ तंतूंचं, गाठी नसलेलं लाकूड दाबात जेवढं सोसतं त्याच्या साधारण दुप्पट ताणात सोसतं. पाठ तुटते ती तंतू कापले गेल्यामुळे. म्हणून पाठीच्या पट्टीकडून मला हवी असते ती अखंडता, दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत न तुटलेला तंतू. तो मिळाला की ताकद पुरेशी होतेच. त्याहून जास्त ताकद आणली तर तिची किंमत पोटाला मोजावी लागते.

ती कशी मोजावी लागते हे गणिताने दाखवते, कारण 'मजबूत लावलं तर बिघडतं कुठे?' असं तुम्ही विचारलंय. वाकलेल्या पात्याच्या, म्हणजे मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या भागाच्या, जाडीत एक रेषा अशी असते जिथे ना ताण असतो ना दाब. त्या रेषेपासून जेवढं लांब, तेवढं लाकूड जास्त ताणलं किंवा दाबलं जातं. १८ मिमी जाडीचं नुसतं सागाचं पातं धरा. ही रेषा बरोबर मधे, पोटापासून ९ मिमीवर. आता त्यातल्या वरच्या ३ मिमीच्या जागी बांबूची कामटी बसवा. बांबूच्या सालीलगतचा थर सागाच्या साधारण दुप्पट ताठ असतो. हिशेब केला तर रेषा पोटापासून १०.१ मिमीवर सरकते. म्हणजे तेवढ्याच वाकात सागाचं पोट आधीपेक्षा १२ टक्के जास्त दाबलं जातं, आणि बांबूला मात्र स्वतःच्या ताकदीचा जेमतेम काही भाग वापरावा लागतो. सागापेक्षा थोडीच ताठ, समजा १.२ पट ताठ असलेली लाकडी पट्टी त्याच जाडीची लावली तर रेषा ९.२ वर राहते. पोटाला फरक जाणवतही नाही.

१२ टक्के ऐकायला कमी वाटतात. पण दाबाने होणारं नुकसान आवाज करत नाही, हीच त्यातली खरी अडचण. पाठ तुटली तर धाडकन तुटते, सगळ्यांना कळतं. पोट दबतं तेव्हा धनुष्य दोरी काढल्यावरही थोडं वाकलेलंच राहतं, मग जरा जास्त, मग पोटावर आडव्या बारीक घड्या उमटतात. बाण हळू जायला लागतो आणि माणूस दोरीला दोष देतो. पाठ शाबूत दिसते म्हणून बांबूने धनुष्य वाचवलं असं वाटतं. सागाचं पोट वाईट नाही. आपल्या भागातला चांगला, घट्ट वलयांचा साग दाब बऱ्यापैकी घेतो. पण साग मुळात थोडा ठिसूळ, एकदा पोटात घडी पडली की ती सांधत नाही.

मी बांबूविरुद्ध नाही, हे मात्र ठासून सांगायचंय. आपल्या मातीचा अभिमान हा माझा निकष असता तर मी आधी बांबूच निवडला असता. गडचिरोली-चंद्रपूरचा मानवेल जातीचा बांबू बहुतेक भरीव असतो, त्याच्या कामटीला तोड नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेने आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क २०११ मध्ये प्रत्यक्षात आणला, तो बांबू माझ्यासाठी धामणीपेक्षा जास्त 'आपला' आहे. देशातल्या तिरंदाजीच्या इंडियन राउंड स्पर्धेत आजही मुलं बांबूची धनुष्यं घेऊनच ३० आणि ५० मीटरवर उभी राहतात. पोट धावड्याचं किंवा बाभळीचं असेल, म्हणजे जड, घट्ट, दाब गिळणारं लाकूड असेल, तर त्यावर मी आनंदाने बांबू लावते. पाठ निवडायची ती पोट बघून. सागाच्या पोटावर बांबू लावायचाच तर कामटी खूप पातळ करावी लागते, कडा उतरवाव्या लागतात, आणि ते करताना गाठींवरचे तंतू कापले जाऊ नयेत ही कसरत असते. पहिल्याच धनुष्यावर ती करू नये, एवढंच मी लिहिलं होतं.

हिकरीचं बोलू. ती उत्तम आहे, यात वाद नाही. सागापेक्षा सुमारे १.४ पट ताठ, आणि चिवटपणाला अमेरिकन लाकडांमध्ये तिचा हात धरणारी थोडी. पण हिकरी ओलावा फार पकडते. कोरड्या प्रदेशात ती सणसणीत चालते, दमट हवेत मऊ पडते आणि वाकलेली राहू लागते. नागपूरचा मे महिना तिला सोसेल, जुलै ते सप्टेंबर नाही. शिवाय पट्टी मागवताना तंतू कसे धावतात ते तुम्हाला बघायला मिळत नाही. ज्या एका गोष्टीसाठी पाठ लावायची तीच डोळे झाकून विकत घ्यायची, हे मला मान्य नाही. तुमच्या हातात आधीच चांगली पट्टी असेल तर जरूर लावा, मी अडवणार नाही.

धामणच का, तर ती फाडता येते. लवचीक, धक्का सोसणारं लाकूड म्हणून कुऱ्हाडीच्या दांड्याला, कावडीला तिला पिढ्यान्‌पिढ्या मान आहे, आणि धनुष्यालाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत भारतीय लाकडांचे गुण सागाला १०० धरून मांडण्याची पद्धत आहे. धक्का सोसण्याच्या रकान्यात धामण सागाच्या बरीच पुढे असते. पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे दांड्यांसाठीचं धामणीचं लाकूड गोल किंवा चिरलेल्या तुकड्यात मिळतं. ते पाचर ठोकून फाडलं की फट तंतूंच्या मागे मागे जाते. फाडलेल्या तुकड्यातून रंध्याने पट्टी काढली, तंतू वळले तिथे पट्टीही वळू दिली, की अखंडता आपोआप मिळाली. करवतीने ती क्वचितच मिळते. घेताना पावती असलेलं लाकूडच घ्या.

सहा फुटांचा सलग तुकडा मिळत नाही ही तुमची तक्रार खरी आहे. मिळायची गरजही नाही. तीन-सव्वातीन फुटांचे दोन तुकडे एकाच लाकडातून काढा आणि मुठीत तिरका सांधा देऊन जोडा. मूठ जाड आणि ताठ ठेवली तर तिथे वाक येत नाही, सांध्यावर फारसा ताण येत नाही. एकाच लाकडाचे तुकडे असले की दोन्ही पाती सारखी वागतात, हा वरचा फायदा. पट्टी मुठीजवळ ३ मिमी, टोकांकडे २ मिमीपर्यंत उतरती.

आता हवामान, कारण नागपुरात हेच निम्मं काम आहे. ३० टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण ६ टक्के ओलावा उरतो, ८० टक्के आर्द्रतेत तो १६ च्या आसपास जातो. आपल्याकडे मे ते ऑगस्ट एवढ्यात ही दोन्ही टोकं येतात. पाठ आणि पोट वेगवेगळ्या ठिकाणी वाळलेलं असेल तर चिकटवल्यावर ते एकमेकांना ओढतात. दोन्ही लाकडं निदान काही आठवडे एकाच खोलीत शेजारी ठेवा आणि पावसाळा ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास चिकटवा. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या आधी लगेच पृष्ठभाग ताजा खरवडून ॲसिटोनने पुसा. हळू सुकणारं इपॉक्सी वापरा, आणि शिकंजे करकचून आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर पिळलं गेलं तर सांधा कोरडा राहतो. एक मात्र लक्षात ठेवा, घरी सुकलेलं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य सोडून जाऊ नका, मे महिन्यात तर अजिबात नाही.

आता तुमचं अर्धवट धनुष्य. कामटी उचकटू नका, त्यात साग खराब होईल. कामटीच्या पाठीला, म्हणजे सालीकडे, रंधा लावू नका आणि गाठी तशाच राहू द्या. दोन्ही बाजूंच्या कडा तिरक्या उतरवून पाठीची रुंदी पोटाच्या ७० टक्क्यांवर आणा. बांबूचे तंतू लांबीत समांतर धावतात, त्यामुळे कडेचे काढले तरी मधले अखंड राहतात. वरच्याच हिशेबात बांबूची रुंदी ७० टक्के धरली तर ती रेषा १०.१ वरून साडेनऊच्या आत येते. पोट रुंदच ठेवा. टोकांच्या खाचांमधलं अंतर ७० इंचांच्या वर असलं तरी ओढ, म्हणजे दोरी मागे खेचायचं अंतर, २६ इंचांवर थांबवा, २८ चा हट्ट धरू नका. पोटाचं लाकूड काढताना कानशीने थोडं थोडं काढा, कारण जाडी १० टक्के कमी झाली तर ताठरपणा २७ टक्क्यांनी उतरतो. थोडं ओढून सोडल्यावर, दोरी उतरवून पात्यांचा वाक मोजत जा. तो दीड-दोन इंचांच्या पुढे जायला लागला तर ओढायचं थांबवा आणि पोटाचा फोटो तिरक्या उजेडात काढून मला पाठवा, आडवी घडी असेल तर त्यात दिसेल.