'यांना विचारलंय कोणी?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

विधेयकं तपासणाऱ्या, खासदारांच्या संसदीय समित्यांनी संस्था-संघटनांचं म्हणणं ऐकायला हवं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही विचारता, की साधी वॉर्डाची निवडणूक न जिंकलेली, परदेशी पैशावर चालणारी मंडळी कायद्यात नाक का खुपसतात? यांना विचारलंय कोणी? आणि त्याच प्रतिक्रियेत, नगरपालिकेच्या रस्त्याची बिलं आपण माहिती अधिकारात कशी बाहेर काढली, हेही तुम्ही लिहिता. मग त्या कायद्याबद्दलच बोलू.

डिसेंबर १९९४. राजस्थानातलं कोट किराना गाव. मजदूर किसान शक्ती संघटनेनं भरवलेल्या जनसुनवाईत सरकारी कामांची हजेरीपत्रकं मोठ्यानं वाचून दाखवली. जे कामावर गेलेच नव्हते, त्यांच्या नावावर मजुरी उचललेली. ज्यांची नावं होती, ते समोर बसून ऐकत होते. कागद बघायला मिळाला तरच चोरी पकडता येते, ही अक्कल तिथून आली. (ही संघटना परदेशी पैसा घेत नाही, आणि तिचे कार्यकर्ते किमान वेतनाइतक्या मानधनावर राहतात.) पुढे १९९६ मध्ये प्रेस कौन्सिलनं कायद्याचा मसुदा केला, तेव्हा अध्यक्ष आपले न्या. पी. बी. सावंत होते.

आता संसदेत काय झालं ते बघा. डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं जे विधेयक मांडलं ते फक्त केंद्र सरकारपुरतं होतं. आपल्याकडे राज्याचा कायदा तरी होता, त्यासाठी अण्णांना आझाद मैदानावर उपोषणाला बसावं लागलं, ते वेगळं. पण बिहार, उत्तर प्रदेशातल्या माणसानं तलाठ्याकडचा कागद कुठून मागायचा? विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं. कार्यकर्त्यांनी तिथे जाऊन साक्षी दिल्या आणि समितीनं राज्यांनाही कायद्याच्या कक्षेत आणायची शिफारस केली. पण ती स्वीकारली कोणी? निवडून आलेल्यांनीच. ११ मे २००५ ला लोकसभेनं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेनं. बाहेरच्यांनी माहिती पुरवली, हात वर केले ते खासदारांनी.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि तो मान्य करताना थोडं ओशाळायलाही होतं. २०११ मध्ये लोकपालासाठी पाच मंत्री आणि पाच बाहेरचे अशी मसुदा समिती बसली, तेव्हा मीही मेणबत्ती घेऊन रस्त्यावर होतो. आमचा मसुदा जसाच्या तसा, अमुक तारखेच्या आत मंजूर करा, हा हट्ट चूकच होता. समितीसमोर बोलायला जाणं वेगळं, संसदेला मुदत घालून देणं वेगळं. शेवटी कायदा संसदेच्याच रस्त्यानं डिसेंबर २०१३ मध्ये झाला आणि पहिला लोकपाल नेमायला २०१९ उजाडलं.

खरी तक्रार तुम्ही केलीच नाहीत. समित्या निवेदनं मागवतात ती सहसा इंग्रजीत नाहीतर हिंदीत, आणि मुदत बहुतेकदा पंधरा दिवसांची. बीडच्या ऊसतोड कामगारांची संघटना फडावर असताना हे कधी वाचणार, कधी लिहिणार? त्यामुळे दिल्लीत ऑफिस असलेल्यांचाच आवाज आत पोचतो. यावर तुम्ही चिडला असतात, तर मी तुमच्या बाजूनं लिहिलं असतं.

आणि तो दरवाजाही आता किलकिलाच उरलाय. पंधराव्या लोकसभेत सत्तर टक्क्यांच्या आसपास विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्यात जेमतेम सोळा टक्के. माहिती अधिकारातलीच २०१९ ची दुरुस्ती कुठल्याही समितीकडे गेली नाही. २०२३ चं वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकही तसंच मंजूर झालं आणि त्यातून माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ), म्हणजे व्यक्तिगत माहिती नाकारायची मुभा देणारं कलम, बदललं. व्यक्तिगत माहिती सार्वजनिक कामाशी जोडलेली असेल तर द्यायची, ही त्या कलमातलीच तरतूद गेली. जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, असं सांगणारं कलम ८(२) शिल्लक आहे, पण ते पटवून द्यायचं आता अर्जदारानं.

तुमच्या रस्त्याच्या बिलांवर ठेकेदाराचं नाव होतं ना? पुढचा अर्ज कराल, तेव्हा ते नाव देतात का बघा, आणि इथेच कळवा.