सरकारी दंतचिकित्सा फक्त दाढ काढण्यापुरती नव्हे

गोव्यात सरकारी दंतचिकित्सेचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक म्हणजे ‘सरळ बांबोळीला जा’ (म्हणजे तिथल्या गोवा दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात) आणि दुसरे ‘सरकारी दवाखान्यात दाढ उपटण्यापलीकडे काही करत नाहीत’. पहिले अर्धवट खरे आहे. दुसरे बऱ्याच अंशी आपणच खरे करून दाखवले आहे, कारण दुखणे असह्य होईपर्यंत आपण तिकडे फिरकत नाही आणि तोपर्यंत दाढेत वाचवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. आपल्या राज्यात ही सेवा तुटपुंजी आहे असे मला वाटत नाही. मात्र कोणत्या कामासाठी कुठे जावे हे रुग्णाला कोणी नीट सांगत नाही आणि त्याची किंमत तो दात गमावून मोजतो.

दंतचिकित्सक केवळ बांबोळीत बसत नाहीत. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये (जुनी माणसे आजही ‘आझिलो’ आणि ‘हॉस्पिसियो’ हीच नावे घेतात), फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि तालुक्यांतील अनेक आरोग्य केंद्रे येथे दातांची तपासणी होते. कीड कोरून सिमेंट भरणे, दातांवर बसलेला कडक थर काढणे, हलणारा दात काढणे ही कामे तिथे होण्यासारखी असतात. एवढ्यासाठी वाळपई किंवा काणकोणच्या माणसाने रोजगार बुडवून बांबोळी गाठणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अडचण अशी की आपल्या केंद्रात दंतचिकित्सक नेमके कोणत्या वारी असतात, हे बहुधा शेजाऱ्याला विचारूनच कळते.

त्यात यंत्राचीही कथा असते. दात कोरण्याचे उपकरण हवेच्या दाबावर फिरते आणि तो दाब पुरवणारा कॉम्प्रेसर बंद पडला की भरण्याचे काम थांबते. दाढ काढण्याचा चिमटा मात्र हातानेच चालतो. आमच्या भागातील एका केंद्रात हा कॉम्प्रेसर दुरुस्तीच्या प्रतीक्षेत बराच काळ पडून होता. त्या काळात तिथे गेलेल्या प्रत्येकाने घरी येऊन सांगितले की सरकारी दवाखान्यात दाढ काढण्याखेरीज काही होत नाही. डॉक्टरांची त्यात काय चूक?

आता बांबोळीविषयी. गोवा दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८० साली सुरू झाले आणि ते गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला लागूनच आहे. नव्या रुग्णाने सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. आधी तोंडाची तपासणी होते, गरज असल्यास एक्स-रे काढतात आणि मग रूट कॅनाल, हिरड्या, कवळी, लहान मुलांचे दात, वेडेवाकडे दात अशा ज्या त्या विभागाकडे पाठवतात. या खिडकीवरून त्या खिडकीकडे फिरताना माणूस वैतागतो, हे मान्य. पण निदान आणि उपचार वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या नजरेखालून जातात, हा त्याच फिरण्याचा फायदा आहे.

‘तिथे शिकाऊ पोरे हात साफ करून घेतात’ हा आक्षेप मला पटत नाही. तिथे विद्यार्थी काम करतात हे खरे, परंतु त्यांच्या कामावर शिक्षकांची देखरेख असते. खाजगी दवाखान्यात डॉक्टरांचे काम तपासायला दुसरे कोणी उभे नसते. वेळ जास्त लागतो, हे मात्र गृहीत धरूनच जावे. तिथल्या बाकावर माझ्या शेजारी एक आजी होत्या. त्यांची दाढ रूट कॅनालने वाचेल असे दिसत होते, पण त्यांचे एकच पालुपद होते, ‘काडून उडय गो बाय!’ त्यांना तपासणाऱ्या विद्यार्थिनीने एक्स-रेची फिल्म उजेडाकडे धरली, मुळाशी झालेला काळसर डाग बोटाने दाखवला आणि ही दाढ गेली तर बाजूचे दात मोकळ्या जागेत कलतील, वरची दाढ हळूहळू खाली उतरेल आणि चावण्याची सगळी घडीच मोडेल, हे न कंटाळता समजावले. आजी तयार झाल्या. इतका वेळ देणारे दवाखाने मी फार पाहिलेले नाहीत.

हिरड्यांकडे तर आपण अक्षम्य दुर्लक्ष करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, गोव्यात आढळले. मधुमेह आटोक्यात नसला की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांत जंतुसंसर्ग राहिला की साखर आवरणे अवघड जाते. तरीही साखर तपासून घेणारा रुग्ण त्याच इमारतीतल्या दंतचिकित्सकाच्या दारावरून सरळ घरी जातो. खरे तर मधुमेहाच्या कार्डावरच दंततपासणीची तारीख पडायला हवी. मशेरी लावणाऱ्या किंवा गुटखा-सुपारी खाणाऱ्यांनी तर दात दुखण्याची वाट पाहूच नये. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तरी तपासणी करून घ्यावी.

फार्मसीतून परस्पर गोळ्या आणून दिवस ढकलण्याची सवयही सोडायला हवी. अँटिबायोटिकने सूज काही दिवस उतरते, दाढेतला संसर्ग तिथेच राहतो. गालाची किंवा जबड्याखालची सूज वाढत असेल, ताप असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर ओपीडीची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठावी. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नयेत; डॉक्टरांना आधी सांगावे. कॅप किंवा कवळी बसवायची असेल तर शुल्क किती आणि कधी भरायचे, हेही पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे.

आरोग्य खात्याकडे माझी मागणी फार खर्चाची नाही. प्रत्येक केंद्राच्या दारावर मराठी-कोंकणीत एक फलक हवा, ज्यावर दंतचिकित्सकांचे वार, तिथे होणारी कामे आणि यंत्र बंद असल्यास जवळचे दुसरे केंद्र कोणते, हे लिहिलेले असेल. बांबोळीला पाठवताना चिठ्ठीसोबत तिथल्या विभागाची भेटीची तारीखही मिळावी. आणि बांबोळीत रूट कॅनाल पूर्ण झाल्यावर रुग्णाच्या हाती त्याच्या तालुक्यातील केंद्राच्या नावे कागद द्यावा, म्हणजे पुढची तपासणी आणि सफाई त्याला घराजवळच करून घेता येईल.